हायस्पीड रेल्वे आली तर सोलापूरचं स्टेशन कुठे? आराखडा ठरण्याआधी बोलून घेऊ

बाळीवेसकर (धागाकर्ता)

२०२६-२७ च्या अर्थसंकल्पात सात हायस्पीड मार्ग जाहीर झाले. त्यात मुंबई–पुणे आहे आणि पुणे–हैदराबादही आहे. नकाशावर पट्टी ठेवून बघा, आपलं गाव वाटेतच येतं. याआधी मुंबई–पुणे–हैदराबाद असा ७११ किलोमीटरचा एकच मार्ग अभ्यासाला घेतला होता, तेव्हाच्या बातम्यांतही पंढरपूर आणि सोलापूरची नावं होती. घोषणा झाल्यापासून आपल्या सगळ्या ग्रुपांवर एकच हिशोब चाललाय: किती मिनिटांत पुणे, किती मिनिटांत मुंबई.

माझा प्रश्न वेगळा आहे. स्टेशन कुठे होणार?

पुढच्या कित्येक पिढ्यांचं या प्रश्नावर ठरणार आहे असं मी म्हणतो, त्याला पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ १८५९ मध्ये आजच्या कुर्डुवाडीला आले, १८६० मध्ये सोलापूरला. बार्शी ही तेव्हा कापसाची आणि धान्याची मोठी पेठ होती, पण रूळ गावापासून पस्तीसेक किलोमीटर लांबून गेले. स्टेशनाला नाव मिळालं 'बार्शी रोड'. पुढची जवळजवळ चाळीस वर्षं बार्शीचा माल बैलगाड्यांनी त्या स्टेशनापर्यंत यायचा. १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरनं बार्शी लाइट रेल्वे सुरू केली तेव्हा कुठे गाव रुळाला लागलं, तेही अडीच फुटी अरुंद रुळानं. कुर्डुवाडीला आलेलं प्रत्येक पोतं छोट्या डब्यातून उतरवायचं आणि मोठ्या डब्यात चढवायचं. हा खोडा निघून सगळीकडे ब्रॉडगेज व्हायला एकविसावं शतक उजाडलं.

त्याच रुळानं सोलापूरला काय दिलं तेही बघा. स्टेशन गावाला खेटून झालं, १८७७ मध्ये जुनी मिल उभी राहिली, मागोमाग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू. कापूस शेजारच्या शिवारात, गाडी दारात. एका जिल्ह्यातली दोन व्यापारी गावं. एकाला स्टेशन मिळालं, दुसऱ्याला नुसतं स्टेशनाचं नाव.

आता पुन्हा तीच वेळ आहे. मार्गाची रेघ अजून पक्की नाही. एकदा ती पक्की झाली आणि भूसंपादनाच्या नोटिसा निघाल्या की मग मोर्चे काढून काही हलत नाही. म्हणून आत्ता बोलूया. माझं मत: नवं स्टेशन आत्ताच्या सोलापूर स्टेशनाला लागून किंवा त्याच्या डोक्यावर हवं. तेवढं जमत नसेल तर जिथे चालू ब्रॉडगेज मार्ग त्याला मिळतो तिथे हवं, म्हणजे एका छताखाली गाडी बदलता येईल. माळावर कुठेतरी नको.

जाणकारांनी चुकत असेल तिथे टोकावं.

---

रुळवेडा

बाळीवेसकर, मुद्दा नेमका धरलात. त्यामागची तांत्रिक बाजू सांगतो, कारण "गावातच स्टेशन पाहिजे" एवढं म्हटलं की समोरचा अधिकारी "शक्य नाही" म्हणून मोकळा होतो.

सध्या बांधकाम चालू असलेला मुंबई–अहमदाबाद हायस्पीड मार्ग ५०८ किलोमीटरचा आहे, १२ स्टेशनं, गाडीचा वेग ताशी ३२० किलोमीटर. ३२० नं पळणाऱ्या गाडीला वळण फार मोठं लागतं, त्रिज्या किलोमीटरांत मोजायची. जुन्या रुळासारखं मोहोळ-पाकणी-बाळे करत वळत-वळत गावात शिरता येत नाही. जी गाडी आपल्याकडे थांबणार नाही तिलाही त्याच रुळावरून, वेग फारसा न मोडता पुढे जायचं असतं. म्हणून नियोजन करणारा माणूस मोकळं रान शोधतो. त्याच्या बाजूनं ते बरोबरही आहे: जमीन स्वस्त, घरं पाडायला लागत नाहीत.

पण याच प्रकल्पात दोन्ही तऱ्हा झाल्यात. अहमदाबादला आणि वडोदऱ्याला हायस्पीड स्टेशन जुन्या स्टेशनाला चिकटून, अगदी प्लॅटफॉर्मांच्या वर बांधलंय. सुरतेला मात्र ते शहराबाहेर अंत्रोळीला गेलं. सुरतेसारखं शहर पुढे रस्ते काढेल, मेट्रो नेईल, स्टेशनापर्यंत पसरत जाईल. सोलापूरची तेवढी ऐपत आहे का? २०११ च्या जनगणनेत आपण साडेनऊ लाख होतो आणि अजून सिटी बस धड नाही. लहान शहराला बाहेरचं स्टेशन मोठ्या शहरापेक्षा जास्त महागात पडतं.

दुसरी गोष्ट रुळाच्या रुंदीची. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, हायस्पीड १४३५. ती गाडी आपल्या रुळावर येणार नाही, आपली तिच्यावर जाणार नाही. फ्रान्सला ही अडचण नव्हती. १९८१ मध्ये पॅरिस–ल्योन सुरू केलं तेव्हा नवा रूळ शहराबाहेरपर्यंतच होता, शहरात गाडी जुन्याच रुळावरून जुन्या स्टेशनात शिरायची, कारण रुंदी एकच. आपल्याला ती वाट बंद आहे. म्हणून एका छताखाली गाडी बदलायचा तुमचा मुद्दा माझ्या लेखी सगळ्यात वर.

---

सातरस्ता

स्पेनचं उदाहरण आपल्याला जास्त जवळचं आहे. त्यांचा जुना रूळ १६६८ मिलिमीटरचा, म्हणजे जवळजवळ आपल्याच रुंदीचा. १९९२ मध्ये माद्रिद–सेव्हिया हायस्पीड केलं ते १४३५ वर. वाटेत सिउदाद रेआल नावाचं गाव लागतं, पाऊण लाखाच्या आसपास वस्ती, आपल्या पंढरपूरपेक्षाही लहान. तिथून माद्रिद तासाभरावर आलं. मग त्यांच्या रेल्वेनं रोजच्या प्रवाशांसाठी कमी भाड्याच्या वेगळ्या गाड्या आणि पास दिले. लोक राहायला गावात आणि नोकरीला राजधानीत.

आपल्या पोरांचं काय होतं? इंजिनियरिंग झालं की पुणे, आणि एकदा गेलं की गेलं. घरं कुलूपबंद, म्हातारी माणसं एकटी. पुणे सव्वा तासावर आलं तर कितीजण इथेच राहतील! पण पासाची गाडी असेल तर. विमानाच्या भाड्याची गाडी असेल तर नाही.

---

मुग्धा_सो

मला या चर्चेत एक गोष्ट कमी वाटते. सोलापूरहून पुण्याला रोज कोण जातं? तपासणीसाठी निघालेला पेशंट, त्याच्यासोबतचा नातेवाईक, परीक्षेला चाललेली मुलगी, कामाच्या शोधातला मुलगा. माझ्या आईचे उपचार पुण्यात चालू होते तेव्हा हुतात्मा एक्स्प्रेस हीच आमची गाडी. पहाटे निघायचं, दुपारच्या आत पोचायचं, डॉक्टरांना भेटून संध्याकाळच्या गाडीनं परत. चेअरकार परवडायची नाही, सेकंड सिटिंगमध्ये बसवायचं. त्या गाडीतला निम्मा डबा औषधांच्या फायली मांडीवर घेतलेल्या माणसांचा असतो.

या माणसांसाठी हायस्पीड काय करणार ते मला कुणीतरी नीट सांगा. विरोध नाही माझा. पण विडी वळणाऱ्या बाईला, यंत्रमागावरच्या कामगाराला तिकीट परवडणार नसेल तर "सोलापूरचा विकास" हे शब्द वापरताना कोणतं सोलापूर ते आधी ठरवायला हवं.

---

होटगी_जंक्शन

मुग्धाताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. रेल्वेत गाड्या चालवण्याच्या कामातच सगळी नोकरी गेली, त्यामुळे थोडं लांबेल.

नव्या रुळाचा सगळ्यात मोठा फायदा त्यावर बसणाऱ्याला होत नाही, जुन्या रुळावर राहणाऱ्याला होतो. जपाननं १९६४ मध्ये टोकियो–ओसाका शिंकान्सेन, म्हणजे त्यांची बुलेट ट्रेन, काढली तिचं मूळ कारण हेच होतं. जुनी तोकाइदो लाइन मालगाड्या आणि प्रवासी गाड्यांनी गच्च भरली होती, तिच्यात एक गाडी वाढवायला जागा नव्हती. लांबच्या जलद गाड्या नव्या रुळावर गेल्या आणि जुना रूळ लोकलला, मालाला मोकळा झाला.

आता आपली लाइन बघा. मुंबई–चेन्नईचा हा मुख्य मार्ग. कर्नाटक, आंध्र, तेलंगणा, तमिळनाडूच्या कितीतरी गाड्या दौंडवरून आपल्या दारातून जातात. वर होटगीला विजयपुराकडची लाइन मिळते. सिमेंट, कोळसा, साखर, खत, पेट्रोल, सगळं याच रुळावर. भिगवण-वाशिंबेचा शेवटचा तुकडा दुहेरी झाला तो २०२२ मध्ये. त्याआधी जेऊर-पारेवाडीच्या बाजूला क्रॉसिंगला गाडी उभी राहिली नाही असा दिवस जायचा नाही. आता बरंच सुधारलंय, विद्युतीकरणही झालं. पण वाढत्या गाड्यांपुढे हेही पुरणार नाही.

वंदे भारतचं घ्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली. १८० पर्यंत चाचणी झालेली बनावट आहे ती. मुंबई–सोलापूर ४५५ किलोमीटरला साडेसहा तास लागतात, सरासरी ७० च्या आसपास. गाडीत दोष नाही. कर्जत ते लोणावळा भोर घाट १ ला ३७ चढाचा, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, १८६३ पासून तोच. पुढे पुण्यात शिरताना-निघताना गर्दी, मग दौंड. भोर घाट चढताना तिला मागून ढकलणारं जादा इंजिन, म्हणजे बँकर, लागत नाही, हेच मोठं काम आहे. बाकीच्यांना अजून लागतं.

म्हणून माझं म्हणणं: हायस्पीड मागताना त्याच कागदावर लिहून मागा की जुन्या रुळावर जी जागा रिकामी होईल ती सोलापूर–पुणे आणि सोलापूर–कलबुर्गी साध्या, कमी भाड्याच्या जलद गाड्यांना मिळाली पाहिजे. हुतात्मासारख्या आणखी दोन गाड्या सुटल्या तर मुग्धाताईंच्या डब्यातल्या माणसांना हायस्पीडचा लाभ झाला असं म्हणता येईल. लिहून घेतलं नाही तर ती जागा मालगाड्या भरून टाकतील, आणि रेल्वेच्या उत्पन्नाच्या दृष्टीनं त्यांचंही चुकणार नाही.

---

मुग्धा_सो

काका, हे कुणी असं उलगडून सांगितलंच नव्हतं. आता माझा या मागणीला पाठिंबा आहे, पण साध्या गाड्यांचं कलम वगळायचं नाही या अटीवर.

---

माढ्याचा_शेतकरी

राम राम मंडळी. गावातल्या लोकांची चर्चा वाचली. स्टेशन गावात पाहिजे का बाहेर ते तुम्ही ठरवा, पण गावात येईपर्यंतचा रूळ आमच्या रानातून जाणार हाय.

आमच्याकडं मागं एका रस्त्याच्या कामाला जमीन गेली. पैसे मिळाले, नाही म्हणत नाही. पण रान मधनं चिरलं. विहीर एका अंगाला, डाळिंब दुसऱ्या अंगाला. पाइपलाइन कुठनं न्यायची, ट्रॅक्टर कुठनं वळवायचा, पावसाचं पाणी कुठं जायचं, याचं उत्तर द्यायला कुणी आलं नाही. भराव टाकला तिथं वरच्या बाजूला पाणी तुंबतंय आणि खालच्याचा ओढा आटलाय. किंमत जमिनीची मिळती, तुटलेल्या रानाची मिळत नाही.

विरोध करायचा म्हणून करत नाही. माझा पुतण्या पुण्यात कंपनीत हाय, त्यालाबी सोय पाहिजेच. पण मुंबई–अहमदाबादचा रूळ खांबावरनं नेलाय म्हणतात. तसं आपल्याकडं होणार का? खांबावरनं गेला तर खालनं बैल जातंय, पाणी जातंय, माणूस जातंय. भरावावरनं गेला तर उजनीच्या पाण्यावर उभं केलेलं रान पुन्हा तुटणार. हे पहिलं सांगा.

---

रुळवेडा

दादा, मुंबई–अहमदाबादचा बहुतेक सगळा मार्ग खांबांवरच आहे. दोन्ही रुळांना मिळून जमिनीची पट्टी साधारण साडेसतरा मीटर रुंद लागते, भराव घालायचा तर पाया रुंद होत जातो आणि जास्त जमीन जाते. ४० मीटरचा अख्खा गर्डर, वजन सुमारे ९७० टन, शेजारच्या यार्डात ओततात आणि उचलून थेट खांबांवर ठेवतात, त्यामुळे काम वेगानं होतं. खर्च मात्र भरावापेक्षा बराच जास्त. पैसा वाचवायची वेळ आली की पहिली कात्री इथेच लागू शकते. तुमची मागणी चर्चेच्या अगदी मध्यभागी असायला हवी. बागायती पट्ट्यात खांब, तडजोड नाही.

आणि उशीर कशानं होतो तेही या प्रकल्पानं दाखवलंय. २०१७ मध्ये पायाभरणी झाली, मूळ मुदत २०२३ ची होती, आता पहिला टप्पा सुरत भागात २०२७ ला सुरू करायचं जाहीर झालंय. १५६ किलोमीटर महाराष्ट्रात, आणि तिथेच भूसंपादन सगळ्यात लांबलं. लोकांशी आधी बोललं असतं तर वर्षं वाचली असती असं मला वाटतं.

---

माढ्याचा_शेतकरी

मग लिवा. माझं नाव पहिलं घाला.

---

जर्सीतला_सोलापूरकर

इकडचं उदाहरण देतो, होटगीकाकांच्या वंदे भारतवाल्या मुद्द्याशी ते तंतोतंत जुळतं.

अमेरिकेत प्रवासी गाड्या चालवणारी राष्ट्रीय रेल्वे म्हणजे ॲमट्रॅक, १९७१ मध्ये सुरू झाली. तिचा सगळ्यात महत्त्वाचा मार्ग बोस्टन–न्यूयॉर्क–वॉशिंग्टन, ७३५ किलोमीटर. २००० च्या डिसेंबरात त्यावर असेला ही जलद गाडी आली आणि २८ ऑगस्ट २०२५ ला फ्रेंच आल्स्टोम कंपनीच्या नव्या बनावटीच्या असेला गाड्या धावायला लागल्या. कमाल वेग २५७ किलोमीटर. मी मुद्दाम तिकीट काढून बसलो. गाडी सुंदर आहे, वळणावर झुकते, आवाज नाही. पण ती २५७ नं पळते ते मोजक्या तुकड्यांवर.

बाकी वाटेत काय आहे? बाल्टिमोरखालचा बोगदा १८७३ चा. आत वळण इतकं तीव्र की तीसेक मैलांच्या वेगानंच जावं लागतं. न्यूयॉर्कला यायच्या आधी हॅकनसॅक नदीवरचा पोर्टल पूल १९१० चा. बोटींना वाट द्यायला तो फिरतो, आणि कधीकधी परत नीट बसतच नाही. मग घण मारून बसवायचा आणि तोवर मागे सगळ्या गाड्या थांबलेल्या. नव्या बोगद्याचं आणि नव्या पुलाचं काम हाती घेतलंय, पण त्याला लागली ती वर्षं गाडी विकत घ्यायला लागली त्याच्या कितीतरी पट.

जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशानं गाडी आधी घेतली आणि रूळ नंतर. आपल्याकडे निदान रूळ नवा टाकायचं म्हणतायत, हे मला त्यांच्यापेक्षा शहाणपणाचं वाटतं. एक धोका मात्र दिसतो. घोषणेत मुंबई–पुणे आणि पुणे–हैदराबाद हे दोन वेगळे मार्ग म्हणून आहेत. घाटातला तुकडा सगळ्यात अवघड, सगळ्यात खर्चिक. तो मागे पडला आणि पुणे–हैदराबाद आधी झालं तर सोलापूरकर तासाभरात पुण्यात पोचेल आणि पुढे मुंबईसाठी पुन्हा तोच १८६३ चा घाट चढेल-उतरेल. अशा वेळी पुण्यात दोन्ही स्टेशनं एकत्र नसतील तर मधल्या रिक्षातच मिळवलेला वेळ जाईल. म्हणून पुण्याचं हायस्पीड स्टेशन कुठे होतं याच्यावरही सोलापूरनं लक्ष ठेवलं पाहिजे.

---

अशोकचौक

सगळेजण पुण्याकडे तोंड करून बोलताय. थोडं पूर्वेकडे बघा की.

आमचं घराणं पद्मशाली. पणजोबा तेलंगणातून मागावर काम करायला आले ते इथेच राहिले. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, बाजारात कानडी. आमच्यात अजून सोयरिका तिकडेच होतात, लग्नाचा बस्ता बांधायला तिकडची माणसं इकडे येतात आणि आम्ही कार्याला तिकडे जातो. चादर-टॉवेलचं गिऱ्हाईकही हैदराबादेत मोठं. व्यापाऱ्याला सकाळी जाऊन, नमुने दाखवून, ऑर्डर घेऊन रात्री घरी येता आलं तर त्याच्या धंद्याला किती बळ मिळेल ते मी माझ्या घरातलं बघून सांगतो. आता दोन रात्री जातात.

पुणे आपल्या पोरांना ओढून घेतं. हैदराबाद आपला माल घेतं. दोन्हीकडे सारखी गाडी पाहिजे. नाहीतर असं व्हायचं की पुण्याहून सोलापूरपर्यंत गाड्या भरपूर आणि पुढे दिवसातून एखादी.

---

रुळवेडा

अशोकचौक, यात तुम्ही तिसरा मोठा मुद्दा आणलात: थांबणाऱ्या गाड्या किती. मुंबई–अहमदाबादला दोन प्रकारच्या गाड्या ठरल्यात. मोजक्या ठिकाणी थांबणारी २ तास ७ मिनिटांत जाणार, सगळीकडे थांबणारी २ तास ५८ मिनिटांत. पन्नास मिनिटांचा फरक. जाहिरात नेहमी पहिल्या गाडीची होते. सोलापूर कुठल्या यादीत? पुणे आणि हैदराबादच्या मधली सगळ्यात मोठी शहरं म्हणजे आपण आणि कलबुर्गी. दोघांनी मिळून मागितलं तर जलद गाडीचा थांबा मिळायला हरकत नाही.

फ्रान्समधलं एक स्टेशन सांगून थांबतो. १९९४ मध्ये पॅरिसच्या उत्तरेकडच्या मार्गावर ऑत-पिकार्दी नावाचं स्टेशन झालं, आमियाँ आणि सँ-काँतँ या दोन शहरांच्या मधे, दोघांनाही सोयीचं म्हणून. साखरेच्या बीटाच्या शेतात उभं आहे ते. जुना रूळ तिथे मिळत नाही, दोन्ही शहरांतून बसनं जायचं. तिकडचे लोक त्याला बीटाचं स्टेशन म्हणतात. पंढरपूर आणि सोलापूर दोघांना मिळून मधे एक स्टेशन, असा तोडगा आपल्याकडे कुणी मांडला तर हे पुढे करा. आपल्याकडे बीटाऐवजी ऊस असेल.

---

कुर्डुवाडीची

माझं माहेर कुर्डुवाडी, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही. बाळीवेसकरांनी बार्शीचं सांगितलं ते खरं आहे, पण आमचं गाव त्याच स्टेशनामुळे जन्माला आलं हेही खरं. नॅरोगेजचा वर्कशॉप, जंक्शन, आषाढीला पंढरपूरला जाणाऱ्या गाड्यांची गर्दी. माझ्या आजोबांची अख्खी हयात त्या वर्कशॉपच्या भोंग्यावर गेली.

हायस्पीड कुर्डुवाडीला थांबणार नाही हे मला कळतं. भीती पुढची आहे. जपानमध्ये १९९७ ला नागानोची शिंकान्सेन सुरू झाली तेव्हाच उसुई घाटातली जुनी लाइन, योकोकावा ते कारुइझावा, बंद केली, आणि पुढचा जुना तुकडा जेआर ईस्ट या मोठ्या रेल्वे कंपनीकडून काढून स्थानिक कंपनीकडे दिला. मोठ्या गाड्या गेल्या की वाटेवरच्या गावांचं असं होऊ शकतं. आपल्याकडे मालवाहतूक एवढी आहे की रूळ बंद होणार नाही, पण एक्स्प्रेसचे थांबे? लातूर, बार्शी, पंढरपूर, सांगोला इतक्या ठिकाणची माणसं कुर्डुवाडीला गाडी धरतात. वंदे भारतला कुर्डुवाडीचा थांबा आहे तो या सगळ्यांसाठी आहे. सोलापूरला काही मिळावं म्हणून भांडताना जिल्ह्यातल्या या गावांचं आहे ते जाऊ नये.

---

होटगी_जंक्शन

ताई, अगदी बरोबर. आणि त्यावर इलाजही आहे. पंढरपूरला हायस्पीड थांबा द्यायचा ठरलाच तर तो चालू कुर्डुवाडी–मिरज लाइनीला मिळेल असाच हवा. म्हणजे लातूर-बार्शीचा आणि सांगोल्याचा माणूस साध्या गाडीनं येऊन तिथे बदलेल. सोलापूरलाही तसंच. तुळजापूरवरून धाराशिवची नवी लाइन होतेय, विजयपुराची आहेच. सगळ्या फांद्या एका बुंध्याला जोडलेल्या राहिल्या तर झाड एक राहील.

इंडोनेशियाचं बघा. जकार्ता–बांडुंग, १४२ किलोमीटर, जवळजवळ आपलं मुंबई–पुणे. २०२३ च्या ऑक्टोबरात सुरू झालं, ३५० चा वेग. पण बांडुंगच्या मुख्य स्टेशनात ती गाडी जात नाही. त्यांनी पाडालारांगला जुन्या रुळाशी जोड दिली आणि तिथून शहरात फीडर गाडी सोडली, तीच वेळ जुळवून. बाहेरचं स्टेशन गळ्यात पडलंच तर निदान एवढं तरी हवं: हायस्पीड उतरली की समोरच्या प्लॅटफॉर्मवर शहरात जाणारी गाडी उभी, तिकीट एकच. आपल्याकडे बाळे, टिकेकरवाडी, होटगी ही स्टेशनं शहराच्या कडेला तयार आहेत. यातल्या एकाला जोड मिळाली तर बाहेरचं स्टेशनही खपवून घेता येईल. टिकेकरवाडी आणि होटगी या दोन्हींवर माझं काम झालंय. होटगीच्या बाजूला जागाही आहे आणि दोन लाइनी मिळतात.

---

बाळीवेसकर

सगळ्यांचे आभार. मी सुरुवातीला एकच मागणी घेऊन आलो होतो. आता निवेदनाचा मसुदा असा करतोय, वाचून सांगा:

"पुणे–हैदराबाद हायस्पीड मार्गाचा सविस्तर प्रकल्प अहवाल करताना सोलापूरचे स्थानक सध्याच्या सोलापूर स्थानकाला लागून करावे. ते तांत्रिकदृष्ट्या अशक्य असल्यास कारणे जाहीर करावीत आणि होटगीसारख्या चालू ब्रॉडगेज स्थानकाशी एकाच इमारतीत जोड असलेले ठिकाण निवडावे. शहरात जाणारी फीडर गाडी व एकत्रित तिकीट पहिल्या दिवसापासून असावे. पंढरपूरचा थांबा झाल्यास तो कुर्डुवाडी–मिरज मार्गाशी जोडावा. बागायती क्षेत्रात मार्ग खांबांवरून न्यावा. भराव अटळ असेल तिथे प्रत्येक विहीर, पाइपलाइन आणि ओढ्याची नोंद शेतकऱ्यासमोर करून मगच आखणी करावी. जलद हायस्पीड गाड्यांना पुणे व हैदराबाद या दोन्ही दिशांना सोलापूरचा थांबा असावा. रोजच्या प्रवाशांसाठी मासिक पास असावा. सध्याच्या मार्गावर मोकळ्या होणाऱ्या क्षमतेतून सोलापूर–पुणे व सोलापूर–कलबुर्गी कमी भाड्याच्या गाड्या वाढवाव्यात, आणि कुर्डुवाडीसह सध्याचे थांबे कमी करू नयेत. मुंबई–पुणे टप्प्याचे काम पुणे–हैदराबादच्या मागे पडू देऊ नये."

रेल्वे मंत्रालय, राष्ट्रीय हायस्पीड रेल महामंडळ, आपले खासदार-आमदार आणि जिल्हाधिकारी, सगळ्यांना एकाच दिवशी द्यायचं.

---

माढ्याचा_शेतकरी

"शेतकऱ्यासमोर" लिवलंय ते चांगलं केलं. त्यात "पेरणीच्या आणि तोडणीच्या दिवसात नाही" एवढं घाला. मागच्या बारीला मोजणीवाले आले तवा सगळं गाव तोडीला होतं.

---

मुग्धा_सो

साध्या गाड्यांमध्ये "आरक्षणाशिवाय बसता येईल असे डबे" हे शब्द टाका. पेशंटला आज नंबर लागला की उद्या जावं लागतं, महिनाभर आधी तिकीट कोण काढणार.

---

अशोकचौक

कलबुर्गीच्या मंडळींना सोबत घेतल्याशिवाय थांब्याचं कलम टिकायचं नाही. दोन शहरांनी एकच मजकूर दिला तर दोन राज्यांच्या खासदारांना एकत्र बोलावं लागेल. मसुदा पक्का झाला की मला पाठवा. मी तेलुगूत करतो, आमच्या शेजारचे अण्णा कानडीत करून देतायत, विचारलंय त्यांना. तिकडच्या कापड व्यापाऱ्यांच्या दोन ग्रुपांवर मी आहे, तिथे टाकतो.